जिल्हा परिषद शाळेचा आठवडा: वेळापत्रकामागचा इतिहास

महाराष्ट्रातल्या कुठल्याही लहान जिल्हा परिषद शाळेत दोन तक्ते हमखास सापडतात. एक वर्गात टांगलेला, तासिकांचा. दुसरा व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवलेला, कोणत्या वारी कोणता आहार याचा. पहिला शिक्षकांना पाठ असतो, दुसरा मुलांना. या दोन तक्त्यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कधी ना कधी एखाद्या आदेशाने आत आली आणि मग सहसा बाहेर पडली नाही. कोणती केव्हा आली ते लक्षात घेतले, की दोन शिक्षक आणि चार इयत्ता असलेल्या शाळेत वेळ जातो कुठे, याचा उलगडा होतो.

आधी मालकीचा प्रश्न. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे शिक्षणविषयक सरकारी धोरणपत्रानंतर, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले. गावच्या शाळेचा पैसा मात्र बराचसा गावाच्याच खिशातून निघे. १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा उपकर बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. कर कुणबी भरतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे घेतात, ही जोतीराव फुल्यांची तक्रार होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. १९२३ च्या कायद्याने शाळा लोकल बोर्डांकडे गेल्या, १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांकडे. मग वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून शाळा जिल्हा परिषदेच्या झाल्या. गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, त्याचे बीट (त्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट) ही आजची उतरंड या व्यवस्थेतलीच.

आठवड्याची चौकट त्याहून जुनी. पंतोजींच्या धूळपाटीच्या शाळांना अमावास्या-पौर्णिमा आणि सणवारांची सुट्टी असे. सरकारी शाळांनी कचेरीचे कॅलेंडर उचलले आणि रविवार आला. रविवारच्या सुट्टीचे श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांना देणारे संदेश दरवर्षी फिरतात. १० जून १८९० ला त्यांच्या चळवळीने मिळवलेली सुट्टी गिरणी कामगारांची होती; शाळांचा रविवार त्या वाटेने आलेला नाही. शनिवारची सकाळची शाळाही कचेरीच्या अर्ध्या दिवसाचीच बहीण. अनेक उर्दू शाळांत हीच सवलत जुम्म्यामुळे शुक्रवारी असते, त्यामुळे केंद्राची, म्हणजे शेजारच्या दहाएक शाळांच्या समूहाची, बैठक शुक्रवारी दुपारी ठेवली की उर्दू शाळांची अडचण होते. नवा केंद्रप्रमुख ही गोष्ट पहिल्याच महिन्यात शिकतो.

पण आठवड्याचा खरा कणा म्हणजे हजेरी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पुढे दंड मागे पडला आणि आमिष आले. १९९२ पासून अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या, दारिद्र्यरेषेखालील घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. १९१७ चा दंडाचा रुपया आणि १९९२ चा भत्त्याचा रुपया यांच्या किमतीत किती अंतर पडले होते, हे योजना आखणाऱ्यांना दिसले नसेल असे नाही. तरी वर्षानुवर्षे रक्कम तीच राहिली.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारची पोषण आहार योजना आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्रात सुरू झाली. आरंभी शिजवलेले काही नव्हते. महिन्यात ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला तीन किलो तांदूळ घरी मिळे. परिणामी महिनाअखेरीस हजेरीपटाला फार महत्त्व आले, आणि पालक ‘आमच्या पोराची ऐंशी भरली का’ म्हणून शाळेच्या दारात. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले गरम जेवणच द्या असा आदेश दिला आणि तांदळाचे पोते शाळेच्या खोलीत मुक्कामाला आले.

शाळेचा दिवस सगळ्यात जास्त बदलला तो इथे. प्रमाण सरळ आहे: पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल; सहावी ते आठवीला हेच १५०, ३०, ७५ आणि साडेसात. पहिल्या गटाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, दुसऱ्याला ७०० व २० ग्रॅम, असा हिशेब त्यामागे आहे. चौथीपर्यंतच्या शाळेत पटावर ४० आणि हजर ३४ असले, तर स्वयंपाकी बाईंना ३ किलो ४०० ग्रॅम तांदूळ, ६८० ग्रॅम डाळ आणि १७० ग्रॅम तेल मोजून द्यायचे. हजेरी घेतल्याशिवाय माप निघत नाही आणि तांदूळ वेळेत चुलीवर चढला नाही तर मधली सुट्टी पुढे सरकते. त्यामुळे पहिल्या तासिकेतली हजेरी ही साडेदहाच्या शाळेत घाईचीच असते.

चुकते कुठे? पहिली चूक पोती उतरवतानाच होते. पन्नास किलोचे म्हणून आलेले पोते काट्यावर कमी भरू शकते. ते वजन न करता सही केली, की ती तूट महिनाअखेरीस मुख्याध्यापकाच्या डोक्यावर. दुसरी चूक आठवडी बाजाराच्या दिवशीची. सकाळी ३४ हजर मांडले, दुपारी दहा मुले आईबापांसोबत बाजाराला गेली. अन्न उरते आणि नोंद जुळत नाही. तिसरी अडचण पैशाची. तांदूळ सरकारी गोदामातून येतो, डाळ-मसाला पुरवठादाराकडून. पण भाजी आणि इंधनाचे पैसे मागाहून. तोवर गावातल्या किराणा दुकानात मुख्याध्यापकाच्या नावाने उधारी चालते. केंद्र सरकारच्या निकषाने २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी किंवा मदतनीस, शंभरपर्यंत दोन. त्यांचे मानधन राज्यात २०२३ मध्ये वाढून महिना २५०० रुपये झाले. भांडी घासणे, धान्य निवडणे, पाणी भरणे हे सारे त्यातच.

जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणातून झालेल्या विषबाधेत २३ मुले दगावली. त्यानंतर चव घेण्याचा नियम कडक झाला आणि २०१५ च्या केंद्रीय नियमांत तो पक्का बसला: मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायचे आणि तशी नोंद चवीच्या वहीत करायची. चाखणे आणि वाढणे यांत अर्धा तास जाऊ द्यावा, म्हणजे काही बिघाड असेल तर तो मोठ्या माणसात आधी दिसेल, हा त्यातला मूळ हेतू. अनेक ठिकाणी ताट आणि नोंदवही एकदमच पुढे येतात. तेव्हा त्या सहीला अर्थ उरत नाही. २०२१ मध्ये योजनेचे नाव पीएम पोषण झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळी किंवा फळ, असे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेतला आणि अंडे लोकसहभागावर सोडले. भिंतीवरच्या तक्त्यातला एखादा वार मग चुन्याने पुसलेला दिसतो, तो यामुळे.

सोमवारची लोहगोळी ही त्या मानाने अलीकडची, २०१२-१३ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातून आलेली. सहावीपासून पुढच्यांना निळी गोळी: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल. लहानांना गुलाबी, ४५ मिलिग्रॅमची. गोळी जेवणानंतरच द्यायची. घाईत परिपाठानंतर उपाशीपोटी दिली, की दोन-तीन मुलांना मळमळते, एक ओकते, आणि ते पाहून अर्ध्या वर्गाच्या पोटात दुखू लागते. मग पालक धावत येतात आणि पुढचे काही सोमवार गोळ्यांचा डबा कपाटात राहतो. शौच काळी होते हे आधी घरी सांगितले, तर निम्मी भीती तिथेच संपते.

परिपाठ वीस मिनिटांचा धरलेला असतो. राष्ट्रगीत आणि प्रार्थना जुनी. प्रतिज्ञा पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली आणि ती २६ जानेवारी १९६५ पासून देशभर आली. संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन जानेवारी २०२० पासून सक्तीचे, राज्यगीत २०२३ पासून. सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, पसायदान आहेतच. एवढे सगळे वीस मिनिटांत बसत नाही, आणि पुढची तासिका बहुधा गणिताची असते. उरलेल्या तासिकांत मूलोद्योगाची, म्हणजे हातकामातून शिकवण्याच्या जुन्या पद्धतीची, खूण सापडते. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मुंबई इलाख्यात टकळी आणि बागकाम वर्गात आले. टकळी गेली, पण कार्यानुभव नावाची तासिका अजून तक्त्यात आहे. बरेचदा ती आहाराच्या नोंदी भरण्यात जाते.

शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून वर्षाचे गणित बांधले: पाचवीपर्यंत २०० दिवस आणि ८०० तास, पुढे २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे दिवसाला चार ते साडेचार तास निव्वळ शिकवणे. दोन शिक्षकांच्या शाळेत पहिली-दुसरी एकीकडे, तिसरी-चौथी दुसरीकडे बसतात. चाळीस मिनिटांच्या तासिकेत दहा मिनिटे दोन्ही इयत्ता एकत्र, मग पंधरा मिनिटे चौथीला शिकवायचे आणि तिसरीला लेखी काम, मग उलट. हे जमते, आणि चांगले जमते, पण लेखी काम आदल्या दिवशी तयार असेल तरच. नसेल तर पंधरा मिनिटांपैकी सात ‘गप्प बसा’मध्ये जातात. एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की चारही इयत्ता एकाच खोलीत. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळा संपवायच्या ठरवल्या होत्या. बैठकांनी त्या दिवसापुरत्या परत आणल्या. कायद्याच्या २७ व्या कलमाने अशैक्षणिक कामांवर बंदी घातली, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून. मतदारयादीचे काम त्या फटीतून वर्षभर येत राहते.

बैठका ज्या केंद्राच्या, ते केंद्र १९९४ चे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शेजारच्या शाळांचा समूह करा असे सुचवले होते. महाराष्ट्राने ते तीस वर्षांनी घेतले: साधारण दहा शाळांमागे एक केंद्रशाळा आणि एक केंद्रप्रमुख, राज्यभर ४८६० केंद्रे. कल्पना होती ती शिक्षकांनी महिन्यातून एकदा जमून एकमेकांचे पाठ पाहायचे अशी. जिथे नमुना पाठ होतो आणि त्यावर खरी चर्चा होते, तिथे ही मासिक बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, उपयोगाची ठरते. जिथे ती फक्त परिपत्रके वाचण्यापुरती उरते, तिथे दहा शाळांचा अर्धा दिवस गेला असे समजायचे. अनेक केंद्रप्रमुखांची पदे रिकामी असल्याने एकाच माणसाकडे दोन केंद्रांचा कार्यभार असतो, आणि मग शाळाभेट शाळेच्या नोंदी तपासण्यावरच संपते. हिवाळ्यातल्या क्रीडास्पर्धा मात्र या रचनेची चांगली बाजू. खो-खो, कबड्डी, लंगडी. आधी केंद्र, मग बीट, तालुका, जिल्हा. वीस पटाच्या शाळेचा कबड्डी संघ भरत नाही, तेव्हा ती शाळा लंगडी आणि धावण्यावर भर देते. सरावही मग शेवटच्या तासिकेत रोज होतो.

शनिवारकडे सरकारचे लक्ष अलीकडे फार वळले आहे. मार्च २०२४ च्या निर्णयाने पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आला: योग, श्वसनाचे प्रकार, रस्ता सुरक्षा, आपत्ती व्यवस्थापन, पैशाचे व्यवहार, खेळ. त्याच्या महिनाभर आधी चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, असाही आदेश निघाला होता. तो शहरातल्या दोन पाळ्यांच्या शाळांसाठी ठीक. साडेदहाच्या गावच्या शाळेला त्याची झळ फक्त शनिवारी आणि उन्हाळ्यातल्या सकाळच्या पाळीत. गणवेशाचेही असेच. २०२४-२५ मध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवार नेहमीचा आणि उरलेले तीन दिवस स्काऊट-गाईडचा, अशी विभागणी आली. कापड आणि शिलाई वेळेवर पोचली नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेली.

आनंददायी शनिवारच्या यादीतले पैशाचे व्यवहार शिकवायला बालबाजार पुरतो. मुले घरची मेथी, कोथिंबीर, शेंगा आणतात, तराजू शाळेचाच. पाव किलोचा भाव काढणे आणि पन्नासातून सुटे परत करणे यांत तिसरीचे अर्धे गणित होते. घरून आणलेला खाऊ विकण्यावरच भागले, तर वजन-मापाचा भाग हुकतो. म्हणून निम्मी दुकाने तरी मोजून विकायच्या मालाची हवीत.

या सगळ्या आठवड्यावर २०२३ पासून एक मोठा प्रश्न टांगलेला आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या, राज्यातल्या सुमारे पंधरा हजार शाळांच्या जागी समूह शाळा उभ्या करण्याची हालचाल तेव्हा सुरू झाली. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ ही उदाहरणे पुढे केली गेली. कायदा पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत मागतो. मोठ्या शाळेत इयत्तेला एक शिक्षक मिळेल, संघही भरेल. पण मग बसचा खर्च, चालक आणि पावसाळ्यातला रस्ता या तीन गोष्टी तासिकांच्या आधी ठरवाव्या लागतात. ऊसतोडीला दिवाळीच्या आगेमागे निघणारी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी बीडकडची मुले आज हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावच्या पटावर टिकतात, त्यांची सोय त्या बसच्या मार्गात कुठे बसवायची, हे या आराखड्याबरोबरच ठरवावे लागेल.