२४ फ्रेमच दिसतात? काय सांगतोस भावा!

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही गेमिंग कॅफेत बसा, कुणीतरी ऐकवणारच: ‘डोळ्याला सेकंदाला २४ फ्रेमच दिसतात, ६० कशाला पायजेत?’

२४ फ्रेम, म्हणजे सेकंदाला २४ चित्रं, हा आकडा डोळ्याचा नाही, सिनेमाचा. १९२०च्या दशकाअखेर बोलपट आले, तेव्हा आवाज नीट यावा आणि फिल्मही फार खर्ची पडू नये म्हणून तो ठरला. शिवाय सिनेमात हलती वस्तू पुसट उमटते, झटके लपतात. गेममध्ये तुमचा अंगठाही गुंतलेला असतो. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम ३३ मिलिसेकंद टिकते, ६० ला साधारण १७, १२० ला ८. बटण दाबल्यावर गाडी किती पटकन वळली, हे हाताला लगेच कळतं. ६० वरून १२० ची उडी मात्र कमी जाणवते. स्क्रीनच ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणारी असेल तर जादा फ्रेम दिसणारच नाहीत.

कंट्रोलरचे नवे फीचर म्हणजे नुसते नखरे, हीसुद्धा थापच. २०२० च्या ड्युअलसेन्सवर, म्हणजे प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरवर, धनुष्य ताणताना ट्रिगर बोटाला खरा विरोध करतो. पण माझं मत विचाराल तर हॉल सेन्सरची स्टिक जास्त मोलाची: चुंबकावर चालते, सेन्सरमध्ये घासणारं काही नाही, म्हणून ड्रिफ्ट (हात न लावता स्टिक आपोआप सरकल्यासारखी वागणं) कमी. आणि ही काही नवलाई नाही, १९९८ च्या सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्येही होती.