कामगार नुकसानभरपाई (खान्देशातील लघुउद्योग)

कामावर असताना झालेल्या अपघातात कामगार जखमी होऊन कामाला मुकला, त्याला अपंगत्व आले किंवा त्याचा मृत्यू झाला, तर मालकाने कायद्याने द्यावयाची रक्कम म्हणजे कामगार नुकसानभरपाई. भारतात ती १९२३ च्या कायद्याने आली आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाली. २०१० साली कायद्याच्या नावातला ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला; त्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्याच कायद्याने चालतात. जळगाव, धुळे, नंदुरबारचे वकील आणि विमा एजंट मात्र अजूनही ‘डब्ल्यूसी’च (जुन्या नावातल्या ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन’ची आद्याक्षरे) म्हणतात : डब्ल्यूसीची केस, डब्ल्यूसी पॉलिसी.

मालकाची चूक होती का, हा प्रश्न या भरपाईत येत नाही. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाला आणि कामगार तीन दिवसांहून अधिक काळ कामाला मुकला, एवढे पुरते. माणसे किती कामाला आहेत याचीही अट नाही. कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) साधारणपणे दहा माणसांपासून लागते. ही जबाबदारी एका गड्यापासून लागते. ईएसआयच्या कक्षेतल्या कामगाराला महामंडळ पैसे देते आणि मालक सुटतो. म्हणजे शंभर माणसांचा कारखानदार दरमहा वर्गणी भरून मोकळा, आणि चार माणसांचा वर्कशॉपवाला स्वतःच विमा कंपनी! खान्देशातला गावोगावचा धंदा बराचसा या दुसऱ्या जातीचा आहे.

जळगावच्या एमआयडीसीत डाळमिली, प्लास्टिकच्या चटया आणि पाइप, बोदवड, जामनेर, धरणगाव, शिरपूर या पट्ट्यात जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने, म्हणजे जिन), धुळ्यात यंत्रमाग, नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या (मिरची वाळवायच्या मोकळ्या जागा), रावेर-यावलला केळीची कापणी आणि भरणी. शिवाय प्रत्येक गावात वेल्डिंगचे दुकान, पिठाची गिरणी, वीटभट्टी, विहिरीवरची यारी (खोदकामातले ओझे वर ओढणारी क्रेन). प्रत्येक धंद्याच्या जखमा निराळ्या असतात. जिन दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचे दोन रूळ सरकीपासून रुई ओढून काढतात. कापसाचा बोळा अडकला की यंत्र बंद करूनच काढायचा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो; पण यंत्र थांबले की पुढचे काम खोळंबते, म्हणून हात चालत्या यंत्रात जातो. पट्ट्यात अडकणारा पदर, अंगावर येणारी गठाण आणि रुईची आग हे बाकीचे नेहमीचे प्रकार. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. पण हंगामी मजूर चार जिन फिरलेला असतो, आजार नेमका कोणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरवणे अवघड, आणि तसे दावे क्वचितच उभे राहतात.

जनावरांचा चारा बारीक कापणाऱ्या कडबा कुट्टी यंत्राचा अपघात जवळून पाहण्यासारखा आहे. यंत्राच्या तोंडाशी दोन दातेरी रूळ असतात. ते धांडे ओढून चाकावरच्या पात्यांपुढे नेतात. शेवटची पेंढी हाताने आत रेटताना बोटे रुळांत सापडली की रूळ ती सोडत नाहीत, आणि मोटरचे बटण बहुधा गोठ्याच्या दुसऱ्या भिंतीवर असते. जखम बोटांवर न थांबता मनगटाकडे जाते. भरपाईच्या हिशेबात या चार इंचांना किंमत आहे. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कमाईच्या क्षमतेची घट टक्क्यांत ठरवलेली आहे : पूर्ण पंजा गेला तर ६०, एका हाताची चार बोटे ५०, अंगठा ३०, तर्जनी १४; तर्जनीचे नुसते टोक गेले आणि हाड शाबूत असेल तर ५.

या टक्क्यांना वय आणि पगार जोडले की रक्कम निघते. पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाचे ६० टक्के घेऊन त्याला वयाचा गुणक लावतात. मृत्यूसाठी ५० टक्के. गुणक १६ व्या वर्षी २२८.५४, तिसाव्या वर्षी २०७.९८, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. महिना १२,००० रुपये मिळवणाऱ्या तीस वर्षांच्या मजुराचे पूर्ण अपंगत्व १४,९७,४५६ रुपयांचे होते. त्याचा पंजा गेला तर सुमारे ८ लाख ९८ हजार, तर्जनी गेली तर सुमारे २ लाख १० हजार, आणि तो मेलाच तर वारसांना १२,४७,८८० रुपये. मेलेल्यापेक्षा पूर्ण अपंगाचा आकडा मोठा, हे ऐकून लोक चकित होतात; पण त्याला पुढे जेवायचे असते. वेतन कितीही असले तरी हिशेबात धरायची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे, त्याआधी ती ८,००० होती.

टक्के शेवटचे नसतात. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली त्याचे अपंगत्व शंभर टक्के धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला अवयवाची घट सांगतो, आणि दाव्यात मोजायची असते ती कमाईची घट. दोन्हींची गल्लत रोज होते.

पण इथल्या बऱ्याचशा अपघातांचा शेवट कोर्टात होत नाही. शेठ दवाखान्याचे बिल भरतो, वर काही हजार देतो, दोन पंच बसतात, शंभराच्या (आता पाचशेच्या) स्टँपवर ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून अंगठा घेतला जातो. गावाच्या दृष्टीने शेठ माणुसकीला जागला, आणि अनेकदा ते खरेही असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या कागदाला फारसा अर्थ नाही. हक्क सोडून देणारा करार निरर्थक आहे. उपचाराचा खर्च मालकाने करायचाच असतो आणि तो भरपाईतून वजा होत नाही. ‘एवढा दवाखाना केला ना मी’ हा बचाव तिथेच पडतो. मृत्यूच्या प्रकरणात तर विधवेच्या हातात दिलेली रोख रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही, ती कायद्याखालचे दावे चालवणाऱ्या आयुक्ताकडे जमा करावी लागते. आश्रितांना दिलेली जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल तेवढी वळती होते. दहाव्याला पाच लाख देऊन बसलेल्या मालकाला वर्षभराने नोटीस येते, तेव्हा त्याला फसवल्यासारखे वाटते. फसवलेले कोणी नसते, त्याने पैसे चुकीच्या दारात दिलेले असतात. महिन्याच्या आत रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि पटणारे कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, हे वेगळेच.

‘तो प्यायलेला होता’ हा दुसरा ठरलेला बचाव. तो किरकोळ आणि अंशतः अपंगत्वाच्या दाव्यात चालू शकतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर चालत नाही.

पुराव्याचे दुखणे वेगळे आहे. मस्टर (हजेरीपट) नाही, पगार रोख, आणि उचल शेठच्या खिशातल्या डायरीत. घाईत दवाखान्याच्या केसपेपरवर ‘घरी पडून दुखापत’ असे लिहिले गेले, की नोकरीचा धागाच तुटतो. सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे) साल पाडव्याला किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तोंडी ठरते. ट्रॅक्टर किंवा मोटरवर चालणारे यंत्र वापरणारी शेती कायद्याच्या यादीत आहे, म्हणून कुट्टीत हात गेलेला सालदार दावा करू शकतो. निव्वळ बैलजोडीच्या शेतीत हा आधार डळमळतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात अनुदान योजना खातेदार आणि त्याच्या घरातल्या एकासाठी आहे. भूमिहीन सालदार तिच्यात बसत नाही.

मोठ्या दुर्घटना तेवढ्या पेपरात येतात. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळ रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक जण गेले. एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात वासखेडीला वाढदिवसाच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला आग लागून चार बायका दगावल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटून किमान १५ मजूर ठार झाले. वाहनाच्या अशा अपघातात वारसांपुढे दोन वाटा असतात, मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा कामगार भरपाई. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे त्यातली एकच धरता येते, त्यामुळे पहिला अर्ज कुठे टाकायचा हा निर्णय महागात पडू शकतो.

जुन्या कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे, सबळ कारण असेल तर उशीर माफ. निकालाविरुद्धचे अपील खान्देशातून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाते, आणि अपील करणाऱ्या मालकाला आधी रक्कम भरावी लागते. बायका, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. धडगाव-अक्कलकुव्याकडून गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या पावरा, भिल मजुरांना उपयोगी पडणारी एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते : अपघात जिथे झाला तिथेच दावा लावण्याची सक्ती नाही, दावेदार राहतो त्या जिल्ह्यातही तो चालतो. शिवाय माणसे मुकादमाने आणली असली तरी ज्याचे काम चालू होते त्या मूळ मालकालाही धरता येते. त्याने नंतर मुकादमाकडून वसूल करावे.

छोट्या मालकासाठी खरा उपाय डब्ल्यूसी पॉलिसीचाच. तिचा हप्ता कामगारांची संख्या, त्यांचा पगार आणि कामातला धोका पाहून ठरतो. दंडाची रक्कम विमा कंपनीवर टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले आहे. तो मालकाच्याच खिशातून जातो. पॉलिसी असूनही दावा अडतो त्याचे इथले कारण साधे आहे. हप्ता वाचवायला चार माणसे आणि सहा-सहा हजार पगार दाखवलेला असतो, कापसाच्या हंगामात आवारात चौदा जण राबत असतात, आणि हात नेमका पाचव्याचा जातो.