सामायिक इंटरनेट जोडणी

घरात आलेली इंटरनेटची एकच जोडणी अनेक संगणकांनी एकाच वेळी वापरण्याची सोय. आज हे काम राउटर बिनबोभाट करतो, त्यामुळे यात मुळात काही अडचण होती हेच विसरायला होते. अडचण तारेची नव्हती, पत्त्याची होती. सेवा पुरवणारी कंपनी एका घराला सहसा एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर ओळख पटवणारा क्रमांक, देते आणि घरातल्या प्रत्येक संगणकाला तर स्वतःचा पत्ता हवा असतो.

कंपन्यांच्या या हात आखडण्याला कारण होते. आयपी म्हणजे इंटरनेटवरील देवाणघेवाणीचे नियम; त्यांच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा (शून्य किंवा एक अशा ३२ अंकांचा), म्हणजे जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. हा साठा पुरणार नाही हे ओळखून मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ या (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या मालिकेतल्या) टिपणात पत्ता-बदलाची, म्हणजेच ‘नॅट’ची युक्ती मांडली गेली. टिपणाने तिला अल्पकालीन उपाय म्हटले होते. तात्पुरत्या डागडुजीवरच पुढे अख्खी इमारत उभी राहिली.

युक्ती अशी. घरातल्या संगणकांना खासगी पत्ते द्यायचे. यासाठी १९९६ मध्ये पत्त्यांचे काही पट्टे कायमचे राखून ठेवण्यात आले, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच, आणि म्हणूनच ते असंख्य घरांत एकसारखे दिसतात. माहिती इंटरनेटवर छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जाते. संगणकाकडून निघालेल्या पाकिटावरचा खासगी पत्ता पुसून राउटर त्यावर स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो, सोबत एक पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या संवादांना ओळखणारा आकडा) देतो आणि खासगी पत्ता व पोर्ट यांची जोडी आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो. उत्तर त्या पोर्टवर आले की तक्ता पाहून ते योग्य संगणकाकडे जाते. दोघांनी एकाच क्षणी एकच संकेतस्थळ उघडले तरी पोर्ट वेगळे असल्याने घोटाळा होत नाही. बाहेरून न मागता आलेल्या पाकिटाची मात्र तक्त्यात नोंदच नसते, म्हणून ते टाकून दिले जाते. याला अनेकजण सुरक्षाव्यवस्था समजतात. खरे तर तो या युक्तीचा आनुषंगिक परिणाम आहे. घरातल्या संगणकावर गेम किंवा वेबसाइट चालवून बाहेरच्यांना आत घ्यायचे असेल, तर तीच गोष्ट अडसर ठरते आणि ‘पोर्ट फॉरवर्डिंग’, म्हणजे अमुक पोर्टवर आलेले अमुक संगणकाकडे पाठव अशी कायमची नोंद, करावे लागते.

राउटर घरोघरी पोहोचण्याआधी ही हमाली एखादा संगणकच करत असे. मोडेम त्याला जोडलेला, शिवाय एक नेटवर्क कार्ड, आणि तिथून हबमार्फत (अनेक तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीतून) बाकीच्यांना तारा. लिनक्सवर याला ‘मास्करेडिंग’ म्हणत. विंडोज ९८ च्या १९९९ मधील दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आयती मिळाली; तो मुख्य संगणक स्वतःकडे १९२.१६८.०.१ हा पत्ता घेऊन इतरांना पत्ते वाटत असे. तो बंद केला की साऱ्या घराचे इंटरनेट बंद.

पत्ता वाटला म्हणून वेग वाढत नाही. त्यातही चढता वेग, म्हणजे घरातून बाहेर पाठवण्याचा (अपलोड) वेग, बहुधा कमी असतो आणि खरी कोंडी तिथे होते. १५०० बाइटचे एक पाकीट सेकंदाला १ मेगाबिटच्या वाटेने चढायला १२ मिलिसेकंद घेते. एकाने मोठी फाइल चढवायला घेतली आणि राउटरच्या रांगेत अशी १०० पाकिटे साचली, तर दुसऱ्याच्या संगणकाची ‘मिळाले, पुढचे पाठवा’ असे सांगणारी छोटीशी पोचपावतीही सव्वा सेकंदाच्या आसपास अडकते. उतरता (डाउनलोड) वेग शिल्लक असूनही पाने रखडतात ती यामुळे. पाकिटांच्या रांगा वेगळ्या ठेवून आळीपाळीने सोडणारे राउटर हा त्रास बराच कमी करतात. नुसता महागडा प्लॅन घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. आता काही कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, आणि त्यासाठी १००.६४ पासूनचा वेगळा पट्टा २०१२ मध्ये राखला गेला. अशा जोडणीत घरच्या राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग कामाला येत नाही, कारण पुढचा तक्ता कंपनीच्या ताब्यात असतो. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत, १२८ बिटांच्या पत्त्यांमुळे, प्रत्येक संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. वाटून घ्यायचा उरतो तो वेग.