दातांची आणीबाणी

तोंडातील ज्या दुखण्यात किंवा इजेत उपचाराला उशीर झाला, तर श्वास, जीव किंवा दात कायमचा धोक्यात येतो, तिला दातांची आणीबाणी म्हणतात. ती ओळखताना बहुतेक जण दुखणे किती आहे हे पाहतात आणि इथेच फसगत होते. असह्य ठणक्याचा दात उद्या सकाळी दाखवला तरी चालतो. फारशी न दुखणारी, पण तासागणिक मानेकडे उतरणारी सूज मात्र उद्यापर्यंत थांबत नाही.

अर्थात दुखण्यालाही भाषा असते. थंड पाणी लागताच कळ आली आणि काही सेकंदांत गेली, तर दातातला गर, म्हणजे पल्प, अजून सावरण्याजोगा असतो. तीच कळ बराच वेळ रेंगाळू लागली, कशाचाही स्पर्श न होता उठू लागली, आडवे होताच वाढून झोपमोड करू लागली, की गर सहसा वाचत नाही. मग रूट कॅनॉल करावे लागते, नाहीतर दात काढावा लागतो. सगळ्यात फसवा टप्पा त्यानंतरचा. आठवडाभर ठणकणारी दाढ एके दिवशी गप्प होते. माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि डॉक्टरांकडे जाणे टाळतो. पण गर मेला म्हणून दुखणे थांबलेले असते. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात आणि तिथे पू धरतो.

हा पू कुठे जाईल हे दाताच्या जागेवर ठरते. खालच्या दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळे तोंडाचा तळ पेलणाऱ्या स्नायूच्या पातळीखाली पोहोचतात, म्हणून तिथला संसर्ग हनुवटीखाली आणि मानेत पसरू शकतो. विल्हेल्म फ्रेडरिख फोन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये अशा विकाराचे वर्णन केले. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यात जिभेखालची जागा लाकडासारखी टणक होते, जीभ वर उचलली जाते, गिळता न आल्याने लाळ ओघळते आणि तोंडात गरम घास धरून बोलावे तसा आवाज येतो. रुग्णाला आडवे होववत नाही, तो पुढे झुकून बसतो. यातले एकही लक्षण दिसले तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा, कारण श्वासमार्ग बंद होऊ शकतो. वरच्या दातांची सूज डोळ्यापर्यंत चढली, तोंड उघडेनासे झाले किंवा सुजेबरोबर ताप भरला, तरीही तेच करावे. मधुमेह असलेल्यांनी आणि केमोथेरपी चालू असलेल्यांनी तर लहानशी सूजही अंगावर काढू नये.

दुसरी खरी घाई निखळलेल्या दाताची. पडून किंवा चेंडू लागून कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर तो परत रुजू शकतो, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते. मुळावर नाजूक तंतूंचा पातळ थर असतो; तो कोरडा पडला की साधारण तासाभरात त्यातल्या पेशी मरतात. म्हणून दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा वाहत्या पाण्याखाली काही क्षण धुवावा, घासू मात्र नये. मग त्याच्या खळग्यात बसवून स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरावा आणि दंतवैद्याकडे निघावे. बसवणे जमले नाही, तर दात दुधात ठेवावा. साध्या पाण्यात ठेवल्यास पेशी फुगून फुटतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, त्याने खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते. अपघातात शुद्ध हरपली असेल किंवा उलट्या होत असतील, तर दातापेक्षा डोके आधी दाखवावे. तुटलेला तुकडा सापडतच नसेल, तर तो श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्यावी.

दात काढल्यानंतर रक्त थांबत नसेल, तर गॉझचा बोळा खळग्यावर ठेवून वीस-तीस मिनिटे घट्ट चावून धरावा आणि मधूनमधून उघडून पाहू नये. तरीही वाहत राहिले, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर लगेच मदत घ्यावी. निघालेली कॅप, पडलेले सिमेंट, न दुखणारा टवका यांना एक-दोन दिवसांची सवड असते.

दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणे हा जुना आणि घातक उपाय आहे; तिथली त्वचा भाजते. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी गराचे दुखणे जात नाही, आणि साचलेला पू बाहेर काढल्याशिवाय संसर्ग मुळातून हटत नाही.

जबड्यातली प्रत्येक कळ दाताचीच असते असेही नाही. चालताना किंवा जिना चढताना खालच्या जबड्यात दुखू लागले, सोबत छातीत दडपण आणि घाम असला, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेव्हा दंतवैद्याकडे न जाता रुग्णवाहिका बोलवावी.