टाइलला मोठे भोक पाडताना नेमके काय घडते?

भिंतीत बसवायच्या गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळासाठी किंवा सांडपाण्याच्या नळीसाठी बाथरूमच्या टाइलला ५० ते ६० मिलिमीटर व्यासाचे भोक पाडताना ती फुटली, की दोष बहुधा तिच्या कठीणपणाला दिला जातो. पोलादही कठीण असते, पण भोक पाडताना त्याला तडा जात नाही. खरी अडचण ठिसूळपणाची आहे. धातूवर ताण वाढला की त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि ताण आसपास वाटला जातो. टाइल ज्याची असते त्या सिरॅमिकमध्ये अशी सरकण्याची सोय जवळपास नसते, त्यामुळे दाबाखाली दणकट असणारा हा पदार्थ ओढ बसताच तुटतो. ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या अभ्यासातून याचे मर्म मांडले: सूक्ष्म चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि ठरावीक ताणाखाली चीर एका मर्यादेपलीकडे लांबली, की ती आपोआप पुढे धावत सुटते. ड्रिलचा हॅमर मोड प्रत्येक ठोक्याला अशाच चिरा उघडत असतो, म्हणून टाइल पार होईपर्यंत तो बंदच हवा.

भिंतीच्या टाइलचे अंग सच्छिद्र आणि तुलनेने मऊ असते. तिच्यावरचा चकचकीत ग्लेझचा पातळ थर मात्र काचेचाच प्रकार असतो. या थरावर बिट, म्हणजे ड्रिलला लावलेले भोक पाडणारे टोक, घसरते. मोठ्या भोकासाठी वापरले जाणारे डायमंड कोअर बिट म्हणजे एक पोकळ नळकांडे असते आणि त्याला मधोमध टोचा नसल्यास ते जागेवर धरणे आणखी अवघड जाते. त्यामुळे बिट आधी थोडे तिरके धरून कडेचा एक भागच टेकवावा, चंद्रकोरीसारखी खाच पडू द्यावी आणि मग ते हळूहळू सरळ करत वर्तुळ पूर्ण करावे.

या बिटाला दाते नसतात. कडेवर बसवलेले हिऱ्याचे बारीक कण टाइल घासून तिची भुकटी करतात. ६० मिलिमीटरच्या बिटाची कड २ मिलिमीटर जाड असेल, तर भोकाच्या एकूण क्षेत्रफळाचा जेमतेम आठवा हिस्साच घासावा लागतो आणि उरलेली चकती अख्खी बाहेर येते. काम एवढे कमी होत असले तरी उष्णता भरपूर निर्माण होते, आणि सिरॅमिक उष्णतेचे मंद वाहक असल्याने ती कडेपाशीच साचते. तापलेला भाग प्रसरण पावून भोवतालच्या थंड भागाला ताणतो. तडा जायला तेवढे निमित्त पुरते. हिराही यातून सुटत नाही. हवेत सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊ लागतो आणि कण झिजतात. नवे बिट दोन-चार भोकांत ‘बोथट’ झाले, तर मालाला नावे ठेवण्याआधी ते कोरडे चालवले होते का, हे पाहावे.

पाण्याची संथ धार ही उष्णता वाहून नेते, खाचेतली भुकटी धुऊन काढते आणि फुप्फुसांना घातक असलेली सिलिकायुक्त धूळ उडू देत नाही. पाणी आणि वीज जवळजवळ येणार, म्हणून बॅटरीवर चालणारे ड्रिल बरे. वेगाचा हिशोब मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मिनिटाला १००० फेऱ्यांना ६ मिलिमीटरच्या बिटाची कड मिनिटात सुमारे १९ मीटर अंतर कापते, तर ६० मिलिमीटरच्या बिटाची कड त्याच फेऱ्यांना १८८ मीटर! भोक जितके मोठे, तितक्या फेऱ्या कमी ठेवाव्या लागतात. जोर लावून काम लवकर उरकण्याचा मोह येथे सर्वांत महागात पडतो.

शेवटचे एक-दोन मिलिमीटर उरले की दाब आणखी हलका करावा, कारण उरलेला पातळ थर घासला जाण्याऐवजी मोडतो आणि मागच्या बाजूने टवके उडतात. टाइल अजून लावलेली नसेल, तर तिच्याखाली सपाट प्लायवूड ठेवल्याने हा धोका कमी होतो. लावलेल्या टाइलला मागच्या मसाल्याचा आधार मिळतो, पण तो सगळीकडे भरलेला असतोच असे नाही; म्हणून खूण करण्याआधी त्या जागी बोटाने टकटक करून पाहावे आणि पोकळ आवाज आला तर शक्यतो भोकाची जागाच थोडी सरकवावी.