पाय जमिनीला चिकटतात तेव्हा

बाबा हॉलमधून बरे चालत येतात आणि बेडरूमच्या उंबरठ्याशी आले की थांबतात. वरचं अंग पुढे झुकलेलं, टाचा उचललेल्या, पाय जागच्या जागी थरथरतायत पण पाऊल काही पडत नाही. सुरवातीला आम्ही "बाबा चला ना, काय झालं" म्हणत हात धरून ओढायचो, त्याने ते अजूनच अडकायचे आणि एकदा तर तोल जाऊन पडता पडता वाचले.

बाबांना कंपवात म्हणजे पार्किन्सन्स आहे आणि या अडकण्याला फ्रीझिंग म्हणतात. कंपवात म्हटलं की लोकांना हाताची थरथरच आठवते, १८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर जो निबंध लिहिला त्याच्या नावातही थरथरच होती, पण घरात रोज छळतो तो ताठरपणा, मंदपणा आणि हे अडकणं.

होतं काय, तर मेंदूत खोलवर सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणून एक काळपट भाग असतो, तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि या आजारात त्याच पेशी मरत जातात. चालणं हे सवयीचं काम, आपण पावलं मोजत नाही, ते आतल्या आत चालू असतं ते याच डोपामिनच्या जिवावर. ते कमी पडलं की सवयीचा रस्ता बंद पडतो. पण डोळ्यांना रेघ दिसली किंवा कानावर ताल पडला तर मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलू शकतो! पायऱ्यांच्या कडा अशाच रेघांसारख्या दिसतात, म्हणूनच सपाट फरशीवर अडकणारा माणूस जिना मात्र बरेचदा चढतो उतरतो. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने आपल्या काकांच्या बाबतीत हेच पाहिलं आणि त्यांच्यासाठी सपाट जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र चिकटवलं, काका त्यावरून चालायला लागले.

आम्ही उंबरठ्याच्या अलीकडे पलीकडे पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्यात, एका पावलाच्या अंतराने. आई "एक, दोन" म्हणते. वळताना जागच्या जागी गर्रकन वळायचं नाही, मोठा गोल घेऊन वळायचं. सगळ्यांना सगळं लागू पडत नाही, करून बघावं लागतं.

गोळीची वेळ तर घड्याळ लावून पाळायची, कारण डोपामिनची कमी भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधाचा असर उतरायला लागला की अडकणं वाढतं. डाळ, अंडी, पनीर यातलं प्रोटीन पोटात असलं की गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी देतो. आणि गोळ्या मनाने बंद अजिबात करू नका, ते धोक्याचं आहे.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, मला हे शब्द फार आवडतात.

परवा लिफ्टच्या दारात बाबा अडकले, मागे चार माणसं उभी, आणि कोणी घाई केली की अडकणं वाढतंच. मी काही बोलले नाही, माझी चप्पल त्यांच्या पायासमोर आडवी ठेवली. त्यांनी खाली बघितलं, पाय उचलून ती ओलांडली आणि आत आले.