अवजड नगांवरील वजननिर्देश

जहाजाने पाठवायचा नग १,००० किलो किंवा त्याहून जड असेल, तर त्याचे एकूण वजन नगावरच बाहेरून लिहिण्याची सक्ती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या जिनीव्हा परिषदेने १९२९ साली संमत केलेला करार क्र. २७ हा या सक्तीचा आधार. तो १९३२ मध्ये अमलात आला. समुद्राप्रमाणेच नद्या-कालव्यांतील वाहतुकीलाही तो लागू आहे.

मालाचे वजन बिलात असतेच. पण बिल कचेरीत राहते आणि नग यारीखाली येतो. त्या काळी जहाजावरच्या साध्या डेरिकची (दोर-कप्पीच्या यारीची) उचल जेमतेम तीन ते पाच टन. यंत्राच्या पेटाऱ्याचे वजन विंच (दोर ओढणारे यंत्र) चालवणाऱ्याने नजरेने ताडायचे आणि चुकले तर दोर तुटून पेटारा खाली उभ्या गोदी कामगारांवर यायचा. नग ज्यात अडकवून उचलतात त्या झोळीच्या दोन दोरांमधला कोन १२० अंशांचा झाला, की प्रत्येक दोरावर अख्ख्या नगाइतका ताण येतो. मग वजन ठाऊक नसताना दोर कोणता निवडायचा?

करारातील कलमे थोडी आहेत. वजन ठळक, न पुसणारे आणि जहाजावर चढवण्याआधी लिहिलेले हवे. नेमके वजन काढणे अवघड असेल अशा अपवादात्मक प्रसंगी अंदाजे आकडा चालतो. ही तरतूद पाळली जाते की नाही हे पाहायचे माल जिथून निघतो त्या देशाच्या सरकारने. वाटेतल्या देशावर ती जबाबदारी नाही. आकडा पाठवणाऱ्याने लिहायचा की दुसऱ्या कोणी, हे मात्र ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले आहे. भारताने करार १९३१ मध्येच स्वीकारला आणि १९५१ साली अवजड नगांवरील वजनाचा स्वतंत्र कायदा केला.

कंटेनर आले आणि हा नियम अपुरा ठरला. कंटेनरच्या दारावर वजन ठळक रंगवलेले असते खरे, पण ते रिकाम्या डब्याचे आणि कमाल मर्यादेचे (बहुधा ३०,४८० किलो). आत प्रत्यक्ष किती भरले आहे ते त्यावरून कळत नाही. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत ‘एमएससी नेपोली’ या जहाजाचे कवच तडकले. ते डेव्हनच्या किनाऱ्यावर टेकवल्यावर डेकवरचे सुमारे ६६० कंटेनर तोलले, तेव्हा १३७ कंटेनरांचे वजन कागदावरच्या आकड्यापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळे भरले.

समुद्रातील जीवितसुरक्षेच्या ‘सोलास’ करारात पुढे दुरुस्ती झाली. १ जुलै २०१६ पासून पडताळलेल्या वजनाशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. एकतर भरलेला डबा तोलायचा, नाहीतर आतला माल, बांधणीचे सामान आणि रिकामा डबा यांची बेरीज करायची. हा आकडा जहाज कंपनीकडे आणि बंदराकडे कागदपत्रांतून जातो. कंटेनरवर तो लिहिण्याची सक्ती नाही.